डावीकडचा दुसरा खांब

“टाचा वर करा, भाऊसाहेब. अजून थोड्या. आता अंग सैल सोडा आणि एकदम खाली या.”

भाऊसाहेब शिरगुप्पे खाली आले. बाल्कनी थरथरली, माझ्या लॅपटॉपवर एक लाट उठली आणि हळूहळू विरत गेली. भाऊसाहेब तोल सावरत, पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभे होते. गुळाचे मोठे व्यापारी, शेवऱ्याच्या नाट्यमंदिराच्या ट्रस्टचे अध्यक्ष, आणि अंगानं भरदार. त्यांचा हा भरदारपणाच मला हवा होता. माझ्या स्वतःच्या टाचांनी बाल्कनी ढिम्म हलली नव्हती, रखवालदाराच्या टाचांनी तर सेन्सरला जागसुद्धा आली नव्हती. तेव्हा, “इमारत माझी आहे, मीच आपटतो,” असं भाऊसाहेब मोठ्या उमेदीनं म्हणाले होते. आता त्यांना पश्चात्ताप होत होता.

“आलं का काही?”

“आलं. आता चार खुर्च्या डावीकडे सरका.”

“मॅडम, ट्रस्टच्या अध्यक्षानं उड्या माराव्यात असं आमच्या घटनेत कुठं लिहिलेलं नाही.”

“ही उडी नाही, भाऊसाहेब. नुसत्या टाचा आपटायच्यात.”

“गावाला तेवढा फरक कळणार नाही,” असं म्हणून त्यांनी खाली रंगमंचाकडे बघितलं. तिथं हर्डीकर मास्तरांच्या नाटकाची तालीम चालली होती आणि सगळं पात्रमंडळ संवाद सोडून वर तोंड करून उभं होतं.

मी तेव्हा नोकरीत नवी होते. पुण्यात केळुसकर सरांची छोटीशी कंपनी होती. पूल, इमारती, पाण्याच्या टाक्या कशा हलतात, किती हललं तर चालतं, हे आम्ही सांगायचो. संगणकात इमारतीचे बारीक बारीक तुकडे करून मांडायचे, ते एकमेकांना जोडायचे, आणि मग त्या मांडलेल्या इमारतीला हलवून बघायचं, हे माझं काम. त्याला आम्ही मॉडेल म्हणायचो. माझी मॉडेलं देखणी असायची. सर म्हणायचे, “देखणं आहे. पण खऱ्या इमारतीनं ते अजून बघितलेलं नाही.” म्हणून मग खऱ्या इमारतीवर सेन्सर लावून मोजणी करायची, आणि मॉडेल त्या मोजणीशी जुळेपर्यंत सुधारत न्यायचं.

शेवऱ्याचं काम भुतामुळे आलं होतं.

बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यातल्या खुर्च्या पूर्वीपासून रिकाम्या ठेवायची तिथं पद्धत होती. जुन्या काळी चंद्राबाई नावाची कोणी नटी होती, ती अजून तिथं बसून प्रयोग बघते, असा गावात समज. नारळसुद्धा फुटायचे. भाऊसाहेब अध्यक्ष झाले आणि त्यांनी जाहीर केलं की असल्या भाकडकथा या ट्रस्टमध्ये चालणार नाहीत. त्या खुर्च्यांचीही तिकिटं विकली गेली. पहिल्याच भरगच्च प्रयोगाला, लोकांनी पाय आपटून दाद दिली आणि बाल्कनी हलायला लागली. माणसं चपला सोडून खाली पळाली. गाव म्हणालं, चंद्राबाईच्या मांडीवर बसल्यावर दुसरं काय होणार.

आता दिवाळीनंतर नाट्यमहोत्सव होता आणि भाऊसाहेबांना आमच्याकडून कागद हवा होता.

“दोनच ओळी लिहा,” त्यांनी आल्या आल्या सांगितलं. “बाल्कनी भक्कम आहे. आणि चंद्राबाई नाही.”

“दुसरी ओळ आमच्या अखत्यारीत येत नाही,” सर म्हणाले. सर मागच्या रांगेत बसून शांतपणे मोसंबं सोलत होते. “पहिली येते का, ते बघू.”

मोजणी दिवसभर चालली. मध्येच मला पडद्यावरच्या आलेखात एक सुरेख, ठसठशीत शिखर दिसलं. असं स्पष्ट उत्तर क्वचित मिळतं. मी हरखून सरांना बोलावलं. सरांनी पडद्याकडे बघितलं, मग कठड्यावरून खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, “शर्वरी, त्या मुलींचा नाच संपू दे. मग परत मोज.”

खाली फेर धरलेला होता. मी शिखर पुसलं.

हर्डीकर मास्तर मात्र दर थोड्या वेळानं जिना चढून वर यायचे. शाळेतले निवृत्त मराठीचे शिक्षक, सत्तरी उलटलेली, अंगानं काडी, आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. गावातलं निम्मं माणूस त्यांच्या हाताखाली शिकलेलं, भाऊसाहेबसुद्धा. महोत्सवाचं पहिलं नाटक त्यांचं होतं.

“इंजिनिअरबाई, तुमचं यंत्र सगळं सांगतं का हो?”

“बरंच सांगतं.”

“आतलंही? म्हणजे, डोळ्यांना दिसत नाही तेही?”

“कधी कधी.”

“मग नीट विचारा त्याला,” असं म्हणून ते खाली जायचे, आणि अर्ध्या तासानं परत यायचे. “काही बोललं का?” मला वाटलं, आपलं नाटक रद्द होईल या धास्तीनं म्हातारा कासावीस झालाय. मी त्यांना धीर दिला. “काळजी करू नका मास्तर, काही सापडणार नाही.” त्यावर ते बरं वाटल्यासारखे दिसायला हवे होते. त्यांचा चेहरा आणखीच पडला.

संध्याकाळी सामान आवरताना मी बाल्कनीखालचे खांब बघून घेतले. प्रेक्षागृहाच्या मागच्या अंगाला, ओळीनं चार. नकाशात चार, जमिनीवर चार. डावीकडच्या दुसऱ्या खांबावर ट्रस्टच्या संस्थापकांची, म्हणजे भाऊसाहेबांच्या वडिलांची, हार घातलेली मोठी तसबीर होती. मी लांबूनच नमस्कार केला, फोटो काढला आणि गाडीत बसले.

पुण्यात आल्यावर माझं आणि बाल्कनीचं भांडण सुरू झालं.

मॉडेल सांगत होतं की बाल्कनी ताठ आहे, लोकांच्या पायांच्या ठेक्याला ती दाद देणार नाही. मोजणी सांगत होती की ती चांगलीच सैल आहे, ठेका धरला की तीही धरणार. मी मॉडेलमधलं काँक्रीट थोडं मऊ केलं. सेकंदाला किती हेलकावे, हा आकडा थोडा जवळ आला. आणखी मऊ केलं. आणखी जवळ. शेवटी पहिला आकडा मोजणीशी तंतोतंत जुळला आणि मी कागद घेऊन सरांच्या टेबलाशी गेले.

सरांनी काँक्रीटचा आकडा बघितला. “हे काँक्रीट आहे की श्रीखंड?”

“जुनं आहे, सर. चुना असेल, वाळू वाईट असेल.”

“इतकं वाईट असतं तर शिरगुप्प्यांनी टाच आपटल्याबरोबर ते खाली तिकीटखिडकीत सापडले असते. जुळवायचं म्हणजे कुणाचातरी कान पिळायचा हे खरं. पण ज्यानं खोडी केली त्याचा पीळ. दुसरा आकडा जुळतोय का?”

बाल्कनी अनेक तऱ्हांनी हलते, प्रत्येक तऱ्हेचा आकडा वेगळा. दुसरा जुळत नव्हता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हलण्याची ढब जुळत नव्हती. माझं मॉडेल दोन्ही अंगांनी सारखं, शहाण्यासारखं हलायचं. खरी बाल्कनी डावीकडे झोकांड्या खायची, जणू त्या बाजूनं कुणीतरी हात काढून घेतला होता.

तेवढ्यात भाऊसाहेबांचा फोन आला. “मॅडम, पत्रिका छापायला टाकल्यात. दोन ओळी कधी पाठवताय?”

“जुळत नाहीये अजून, भाऊसाहेब.”

“काय जुळत नाही?”

“बाल्कनी आणि मॉडेल.”

“मग बाल्कनीप्रमाणे मॉडेल करा. बाल्कनी आधीची आहे.”

या वाक्यात आमचं सगळं शास्त्र होतं, पण ते मला तेव्हा उमगलं नाही. मी चिडून फोन ठेवला.

शेवटी मी सगळ्यांचेच कान मोकळे सोडले. तुळया, सांधे, खांब, भिंत, प्रत्येकाचा कणखरपणा किती असावा हे संगणकानंच शोधावं, फक्त मोजणीशी जास्तीत जास्त जुळलं पाहिजे. संगणक घुमत बसला. बाकी सगळ्यांना त्यानं जवळजवळ होतं तसंच ठेवलं आणि डावीकडच्या दुसऱ्या खांबाचा कणखरपणा शून्यावर नेला.

म्हणजे खांब नाही.

मी खालची मर्यादा घातली, की बाबा, खांब आहे, मी बघितलाय, निदान इतका तरी कणखर धर. तो मुकाट्यानं त्या मर्यादेवर जाऊन बसला. मी मर्यादा वाढवली, तो तिथंही काठावर जाऊन बसला, आणि जुळणी बिघडवून ठेवली. हट्टी पोरानं सतरंजीच्या कडेला जाऊन बसावं तसा. वैतागून मी तो खांब मॉडेलमधून काढूनच टाकला. पहिला आकडा जुळला. दुसरा जुळला. तिसराही. ढब तर अशी जुळली की दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली असती तर वेगळी काढता आली नसती. काँक्रीटला बोटही न लावता.

“सर, उत्तर मूर्खासारखं आलंय,” मी सांगितलं.

सरांनी सगळं बघून घेतलं. “मूर्खासारखं नाही. नुसतं गैरसोयीचं आहे. खांब आहे तिथं?”

“आहे. फोटो आहे माझ्याकडे. त्यावर तसबीर आहे संस्थापकांची. हार आहे.”

“मी खांबाबद्दल विचारलं.”

“सर, डोळ्यांनी बघितलाय.”

“हात लावला होतास?”

संस्थापकांच्या तसबिरीखाली कोण हात लावून बघतं.

सर उठले आणि गाडीची किल्ली घेतली.

आम्ही शेवऱ्याला पोचलो तेव्हा भाऊसाहेब प्रेक्षागृहात खुर्च्यांना नंबर चिकटवून घेत होते. आम्हाला बघून त्यांचा चेहरा खुलला. “कागद हातोहात आणलात?”

“ही तसबीर जरा उतरवायची आहे,” सर म्हणाले.

“बाबांची? का?”

“मागचा खांब बघायचाय.”

“त्याला काय बघायचं? खांब खांबासारखा आहे. ही तसबीर माझ्या लहानपणापासून इथं आहे. उतरवायची तर भटजींना विचारून उतरवू.”

रंगमंचावर मास्तर तालीम घेत होते. ते केव्हा खाली उतरून आमच्या मागे येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. “उतरव, भाऊ,” ते म्हणाले. सगळ्यांसमोर ते नेहमी त्यांना भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेब चमकले, आणि वर्गात उभं केल्यासारखे पुढे होऊन त्यांनी स्वतःच तसबीर उतरवली.

सरांनी आधी पहिल्या खांबावर बोटांची पेरं आपटली. काहीच आवाज नाही, दगडावर आपटल्यासारखं. मग मला म्हणाले, “तू वाजव हा.”

मी दुसऱ्या खांबावर टकटक केली.

रिकाम्या पेटीसारखा आवाज आला.

मी पुन्हा वाजवलं, वर, खाली, बाजूला. सगळीकडे पेटी. सरांनी खिशातला चाकू काढून कोपरा जरासा खरवडला. वरचा रंग निघाला, त्याखाली प्लास्टरचा पातळ थर, त्याखाली गोणपाट, आणि त्याखाली प्लायवूड. रंग मात्र असा दिला होता की काँक्रीटचे बारीक डाग, साच्याच्या फळ्यांच्या रेघा, सगळं जिथल्या तिथं.

“काम उत्तम आहे,” सर म्हणाले, आणि ते खरंच कौतुकानं म्हणाले.

“नेपथ्य माझंच,” मास्तर म्हणाले.

भाऊसाहेब तसबीर छातीशी धरून जवळच्या खुर्चीत बसले. त्यांनी एकदा वर बाल्कनीकडे बघितलं, उठले आणि चार रांगा पुढे जाऊन बसले. आम्हीही मागोमाग पुढे सरकलो.

“मास्तर,” ते म्हणाले, “खरा खांब कुठाय?”

“गेला. फोडला.”

“कुणी?”

मास्तरांनी तसबिरीकडे बोट दाखवलं.

मग त्यांनी सांगितलं. ऐतिहासिक नाटक बसवलेलं होतं. भाऊसाहेबांचे वडील सरदाराच्या भूमिकेत. त्यांच्या मनानं घेतलं की सरदाराची एंट्री प्रेक्षकांतून व्हायची, आणि ती घोड्यावरून. घोडा खरा. दारातून आत, डाव्या वाटेनं थेट रंगमंचापर्यंत. रंगीत तालमीला वाट मोजली तेव्हा लक्षात आलं की घोडा या खांबाला वळसा घालू शकणार नाही. मास्तर म्हणाले, चालत या. ते म्हणाले, सरदार चालत येत नसतो. दुसऱ्या दिवशी मास्तर येऊन बघतात तर गवंडी घण घालत होता आणि धनी शेजारी उभे राहून “सावकाश” म्हणत होते.

“प्रयोग झाले की परत बांधायचा, असं ठरलं होतं. तोवर लोकांनी विचारू नये म्हणून मी हा केला. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, मास्तर, माझ्यानंतरसुद्धा कुणाला सांगायचं नाही. आणि त्याच साली ते गेले. मी काय करू? गेलेल्या माणसाला दिलेला शब्द. आणि माझा हा खांब उभा. जो तो येतो, बघतो, पुढे जातो. मग मी एवढंच केलं, की वरच्या त्या कोपऱ्यात माणसं बसणार नाहीत असं बघितलं.”

“म्हणजे चंद्राबाई,” मी म्हणाले.

“तिचं नाव सुचायला मला आठवडा लागला,” मास्तर म्हणाले. “नाव असं हवं, की कुणाला तिचं नाटक आठवता कामा नये आणि प्रत्येकाला ऐकल्यासारखं वाटलं पाहिजे. पुढे तर दोघातिघांनी मला तिच्या भूमिका सांगितल्या. एकानं तिचं गाणं म्हणून दाखवलं.” ते भाऊसाहेबांकडे वळले. “तू खुर्च्या उघडल्यास, आणि मला रात्रंदिवस चैन पडेना. चंद्राबाईला तू मानेनास. मला बोलता येईना. म्हणून कमिटीत मीच धोशा लावला, पुण्याहून माणसं आणा, यंत्रं आणा. आता मी बोललो का? मी नाही बोललो. बाईंचं यंत्र बोललं.”

मला त्यांचं ते सारखं जिना चढून येणं आठवलं, आणि मी त्यांना दिलेला धीर आठवला.

मला वाटलं, आता भाऊसाहेब भडकणार. पोलीस म्हणणार, ट्रस्ट म्हणणार. त्यांनी तसबिरीची काच शर्टाच्या बाहीनं पुसली. बराच वेळ पुसत राहिले.

“आई सांगायची,” ते म्हणाले. “घोड्याच्या टापा वाजल्या आणि सगळं थिएटर उभं राहिलं. मी तेव्हा तिच्या मांडीवर झोपलो होतो. मला उठवलंच नाही तिनं. मास्तर, कसे दिसत होते हो बाबा? घोड्यावर?”

मास्तरांनी घसा साफ केला. मग त्यांनी ते वर्णन केलं. पांढरा घोडा, भरजरी झूल, मशालींचा उजेड, आणि सरदारानं मिशीवर हात फिरवत लगाम खेचला तो क्षण. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तालमीतली मुलंसुद्धा येऊन उभी राहिली. भाऊसाहेबांचे डोळे भरून आले आणि केळुसकर सरांनी चष्मा काढून पुसला, हे मी फार कमी वेळा बघितलंय.

बाल्कनी त्या दिवशीच बंद झाली. खाली लोखंडी टेकू आले. महोत्सव खालच्या खुर्च्यांवर आणि बाहेरच्या पटांगणात पडदा लावून पार पडला. पुढच्या उन्हाळ्यात नवा पोलादी खांब बसला. मास्तरांचा खांब दोन माणसांनी खांद्यावर टाकून बाहेर नेला, तेव्हा बघणाऱ्या एका आजोबांनी दोघांच्या ताकदीबद्दल हात जोडले. मी मॉडेलमध्ये नवा खांब घातला, भाऊसाहेबांनी पुन्हा सगळीकडे टाचा आपटल्या, या वेळी विनातक्रार, आणि आकडे जुळले.

बाल्कनी उघडायच्या समारंभाला त्यांनी आम्हाला बोलावलं. सरांना शाल मिळाली. मी मात्र मागच्या दाराशी लॅपटॉप घेऊन बसले होते, कारण माणसांनी भरलेली बाल्कनी मोजायची संधी मला सोडायची नव्हती. मास्तर शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

भाऊसाहेब भाषणाला उभे राहिले. त्यांनी काही लपवलं नाही. खांब फोडला हे सांगितलं, खोटा उभा केला हे सांगितलं, चंद्राबाईचा खुलासा केला. त्यावर मागून कुणीतरी “असं कसं, माझ्या चुलत्यानं बघितलीय तिला” असं म्हणालं. आणि मग ते घोड्यावर आले. मास्तरांचं वर्णन त्यांना शब्दन्‌शब्द पाठ होतं. पांढरा घोडा, झूल, मशाली. म्हातारी माणसं माना डोलवत होती. आम्ही होतो, आम्ही बघितलंय, असं एकमेकांना सांगत होती. वाक्य संपलं आणि वरची बाल्कनी टाळ्यांनी आणि पायांनी दणाणली. माझ्या पडद्यावर लाट उठली, मॉडेलनं सांगितली होती तेवढीच, आणि तिथंच थांबली.

“तुम्ही छान सांगितलं होतंत,” मी मास्तरांना म्हणाले. “मी घोडा डोळ्यांपुढे बघितला.”

मास्तर माझ्या कानाशी वाकले. त्या आवाजाला कुजबुजता येतं हे मला पहिल्यांदाच कळलं.

“घोडा आत आलाच नाही हो. दाराशी आला, रंगमंचावरचे दिवे बघितले आणि पाय रोवून उभा राहिला. ढकलला, गूळ दाखवला, नाही म्हणजे नाही. शेवटी सरदार उतरून चालत गेले. टापा मी वाजवल्या, दाराआड उभा राहून, करवंट्यांनी.”

“मग हे सगळे लोक?”

“अंधार होता. टापा ऐकल्या सगळ्यांनी.”

“आणि खांब?”

“खांब,” मास्तर म्हणाले, “आदल्या दिवशीच गेला होता.”